दिवाकरनचे शंभर मीटर

चेरुकायल गावात आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त रेशनकार्डावर चालतं. बाकी सगळीकडे गाव ठेवील ते खरं. सहकारी बँकेच्या सेक्रेटरीचं नाव जोसकुट्टी, पण त्याला सगळे 'उद्या-या' म्हणतात, कारण त्याच्या तोंडून दुसरं वाक्य कुणी ऐकलेलं नाही. दिवाकरनला गाव 'नूरुमीटर' म्हणायचं, म्हणजे शंभर मीटर. बाकीच्यांची असली नावं पाठीमागं घ्यायची असतात. ह्याचं मात्र खुशाल तोंडावर घ्यावं, आणि ह्यानं सत्काराला बोलावल्यासारखी ओ द्यावी.

दिवाकरन टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाइनमन होता. खांबावर चढून चढून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा निवृत्तीच्या आदल्या वर्षी खात्यानं त्याला कोट्टयमला पंधरा दिवसांच्या शिक्षणाला धाडलं. विषय होता, एका इमारतीतले कॉम्प्युटर एकमेकांना तारेनं कसे जोडायचे. बरोबरचे चौघे परत आले आणि तिथलं जेवण बरं होतं एवढं सांगून मोकळे झाले. दिवाकरन तिथून धर्म घेऊन आला.

ह्या धर्मात दोनच आज्ञा होत्या. केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात, त्यांचा क्रम ठरलेला : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. रोज सकाळी कालव्यात बुडी मारून येताना तो हे पुटपुटायचा. बायकोला, विलासिनीला, पहिले दोन महिने वाटलं की नवरा म्हातारपणी नामस्मरणाला लागला, म्हणून तिनं देवळात एक दिवासुद्धा लावला. दुसरी आज्ञा अशी, की अशी केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर मीटरच्या वर जाता कामा नये. शंभर म्हणजे शंभर.

"आणि एकशे एक झाली तर?" पाच्चुपिल्लैच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी रोज विचारायचंच.

"तर ती केबल नाही, वाळत घातलेली दोरी आहे," दिवाकरन म्हणायचा. मग कट्टन, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा पेला खाली ठेवून तो कीर्तनाला उभा राहायचा. "अरे, बँकेतलं यंत्र अमेरिकेचं. त्याला जोडलेला डबा तैवानचा. केबल पुण्याची. टोकाची चिमटी कुठली देव जाणे. ह्यातला कुणी कुणाला भेटलाय? एकाची भाषा दुसऱ्याला कळते? तरी हे चौघं चेरुकायलमध्ये येऊन एकमेकांशी बोलतात. का? सगळ्यांनी आधी एकच नियम कबूल केलाय म्हणून! ह्याला म्हणतात स्टँडर्ड."

"आणि तू?" पाच्चुपिल्लै तेलात पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, सोडता सोडता म्हणायचा. "भिंतीपलीकडच्या सख्ख्या भावाशी किती वर्षं झाली रे बोलून?"

इथं कीर्तन संपायचं.

वर्षं अकरा झाली होती. शिवरामन हा दिवाकरनचा थोरला भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा शिवरामनच्या बायकोनं, तंकम्मानं, ह्या दिराला भात वाढून मोठा केलेला. वडिलांनी मरताना वाटणीचा कागद केला होता : पूर्वेच्या दगडी कुंपणापासून बारा मीटर दिवाकरनचे, पुढचं सगळं शिवरामनचं. बरीच वर्षं मधे काही नव्हतं, कोंबड्या दोन्हीकडे सारख्याच घाण करायच्या. मग दिवाकरनच्या मनानं घेतलं की कागदावर बारा आहेत तर जमिनीवरही बारा दिसले पाहिजेत. खात्यातून आणलेली कापडी टेप त्यानं काढली, तीस मीटरची, पिवळी, आणि मोजलं. बारावा मीटर तंकम्माच्या कुडंपुळीच्या झाडाच्या पलीकडं जाऊन पडला.

ती पुळी, कोकमासारखं आंबट फळ, म्हणजे त्या घराचा जीव. तिच्याशिवाय तंकम्मा माशाचं कालवण चुलीवर चढवायची नाही. शिवरामन म्हणाला, "दिवाकरा, झाड सोडून भिंत घाल." दिवाकरन म्हणाला, "चेट्टा, टेप झाड बघत नाही." चेट्टा म्हणजे दादा. तो त्याला शेवटचा चेट्टा म्हणाला तो हा. भिंत उठली, झाड दिवाकरनच्या अंगणात आलं, आणि तंकम्मा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते, टेप लावून मोजणारा आमच्याच घरात निघाला!"

दिवाकरनला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आपण बरोबर आहोत ह्याचा आनंद इतका मोठा होता की वाईट वाटायला जागा कमी उरली.

दोन हजार चार साली बँकेनं कालव्याकाठी खताचं दुकान काढलं, आणि दुकानातला कॉम्प्युटर बँकेतल्या कॉम्प्युटरला जोडायचं ठरलं. काम अर्थात दिवाकरनकडे आलं. त्यानं अट घातली की काम पुरं झाल्यावर 'सर्व काही नियमानुसार' असा कागद तो स्वतः सही करून देईल, आणि त्या कागदाशिवाय उद्‍घाटन नाही. जोसकुट्टीला कागद म्हटलं की बरं वाटतं. तो लगेच हो म्हणाला.

आता बँकेपासून दुकानापर्यंत सरळ वाट एकच. दिवाकरनच्या पुढच्या अंगणातून जायचं, भिंत ओलांडायची आणि शिवरामनच्या परसातून कालव्याकाठी उतरायचं. जेमतेम ऐंशी मीटर. दिवाकरनच्या स्वतःच्या परसात कमरेएवढं पाणी, तिकडून खांब उभा राहणं शक्य नाही. दुसरी वाट रस्त्यानं वळसा घालून. दिवाकरननं पिवळी टेप काढली आणि वळशाची वाट मोजली. दोन्हीकडच्या खोल्यांतल्या तारा धरून भरले नव्व्याण्णव मीटर.

नव्व्याण्णव! त्याला त्या दिवशी भिंतीला मिठी मारावीशी वाटली. नियमही राहिला आणि भावाच्या दारात नाक मुठीत धरून जाणंही टळलं. तीन दिवसांत खांबाखांबावरून केबल फिरली, टोकांना आठ रंग आपापल्या जागी बसले, दोन्ही डब्यांवर हिरवे दिवे लुकलुकले. बँकेत लिहिलेलं दुकानात दिसलं. जोसकुट्टीनं टाळ्या वाजवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो 'आत्ताच' म्हणाला. "आत्ताच सही कर."

दिवाकरननं खिशातलं पेन काढलं. कागदावर एक रकाना होता, केबलची लांबी. तिथं नव्व्याण्णव लिहायच्या आधी, सवयीनं, त्यानं केबलवरचे आकडे पाहिले. ह्या केबलवर कारखान्यातच दर मीटरला आकडा छापलेला असतो. बँकेतल्या टोकाला होता सात. तो सायकलवर दुकानात गेला. तिथल्या टोकाला होता एकशे नऊ.

एकशे नवातून सात. त्यानं बोटांवर केलं, कागदावर केलं, जोसकुट्टीच्या गणकयंत्रावर केलं. तिन्हीकडे एकशे दोन.

"कारखान्यानं चुकीचं छापलंय," दिवाकरन म्हणाला.

"छापू दे की," जोसकुट्टी म्हणाला. "दिवा पेटलाय ना?"

"सर, नियम दिवा पेटतो त्या दिवसासाठी नसतो. तो विझतो त्या दिवसासाठी असतो."

"अरे बाबा, दोन मीटर! माझ्या लुंगीएवढं कापड!"

"मग लुंगीनं जोडा," असं म्हणून दिवाकरन पेन खिशाला लावून बाहेर पडला.

संध्याकाळपर्यंत टपरीवर ही बातमी तळून निघाली. हिरवा दिवा सगळ्यांनी जाऊन पाहिला होता. काहींनी तर बायकामुलांना नेऊन दाखवला. सगळ्या गावाचं एकमत झालं की नूरुमीटरची शंभरी भरली. त्यात एक पोक्त माणूस म्हणाला, "मधे एक डबा बसव ना. अर्ध्यावर थांबायचं, दम घ्यायचा, पुढं निघायचं. तूच सांगितलं होतंस, मधे डबा आला की मोजणी नव्यानं सुरू होते."

हे खरं होतं. पण डब्याला वीज लागते, आणि त्या वळशाच्या रस्त्यावर वीज असलेली इमारत एकच होती : ताडीचं दुकान. ताडीवाला आनंदानं कबूल झाला, वर म्हणाला, डब्याला रोज संध्याकाळी हारसुद्धा घालीन. बँकेचे अध्यक्ष कुरियाकोस, चर्चच्या दारूबंदी मंडळाचेही अध्यक्ष. त्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते तांबडे झाले. "बँकेचा सगळा हिशेब आधी ताडीच्या दुकानात शिरणार आणि तिथून बाहेर पडणार? आणि तो शुद्धीवर असेल असं कोण लिहून देणार?" तो मार्गही बंद झाला.

दिवाकरनचा अजून कारखान्यावरच राग होता. कारखान्याला एक कडक पत्र लिहायचं, पण त्याआधी पुरावा पाहिजे, म्हणून तो वेलायुधन सुताराकडे गेला. वेलायुधनची पोलादी टेप नवी कोरी, पाच मीटरची. "तुझी टेप आण, माझ्या टेपशेजारी लाव," दिवाकरन म्हणाला, "आणि साक्षीला राहा. तो कारखानाच बंद करतो."

दोघांनी कामाच्या लांब फळीवर दोन्ही टेपा शेजारी शेजारी पसरल्या आणि शून्याला शून्य लावलं. एका मीटरला दोघी जवळपास बरोबर होत्या. दोन मीटरला पिवळी जरा पुढं सरकलेली. पोलादीचे पाच भरले तेव्हा पिवळीचे पाच अजून यायचे होते. ती म्हणत होती, चार मीटर पंच्याऐंशी.

वेलायुधननं विडी विझवली. "दिवाकरा, ही ताणलीय रे. किती पावसाळे भिजलीय?"

"खात्याची टेप आहे," दिवाकरन म्हणाला.

"मी काही पाहिलं नाही," वेलायुधन म्हणाला. तो भला माणूस. "ऊन फार आहे, डोळे दिपले माझे. तू घरी जा."

एकशे दोन मीटर जागेला नव्व्याण्णव म्हणणारी टेप. दिवाकरनचं डोकं हिशेबात पक्कं होतं, तेच नडलं. घरी पोचेपर्यंत त्यानं बारा मीटरचा हिशेब करून टाकला होता. पिवळे बारा म्हणजे खरे बारा मीटर छत्तीस सेंटिमीटर. चौदा इंच. भिंत चौदा इंच शिवरामनच्या जागेत उभी होती, आणि कुडंपुळीचं झाड भिंतीच्या अलीकडं जेमतेम वीतभर अंतरावर होतं. म्हणजे झाड तंकम्माचं. अकरा वर्षं तंकम्माचं.

तो ओट्यावर बसला तो उठेना. विलासिनीनं मत्ती मासळी तळली होती, ती निवली. शेवटी त्यानं बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "वेलायुधन बोलणार नाही. त्यानं शब्द दिलाय."

विलासिनीनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "मीपण एक सांगते. अकरा वर्षं मी तंकम्माताईला भिंतीवरून पुळी देतेय. तुम्ही अंघोळीला गेलात की. घाबरत घाबरत, चोरासारखी." आणि तिला रडू फुटलं. "तिचीच वस्तू तिला चोरून देत होते हो मी! आणि ती बिचारी दर वेळी म्हणायची, देव तुझं भलं करो!"

दिवाकरनला काय वाटलं ते सरळच सांगायला हवं : त्याला भीती वाटली. भावाची नाही, गावाची. ह्याच टेपनं त्यानं गावातल्या निम्म्या भिंती, विहिरी, देवळाचा मांडव, चर्चचं कुंपण मोजून दिलं होतं. 'नूरुमीटरनं मोजलंय' म्हटलं की भांडण मिटायचं. उद्या हे फुटलं की टपरीवर त्याच्या नावानं पळंपोरी तळली जाणार. सही करून टाकावी, टेप कालव्यात टाकावी, संपलं. दिवा तर पेटलाच होता. कुणी म्हणजे कुणी विचारणार नव्हतं.

आणि हेच त्याला सोसेना. दुसऱ्याची दोन मीटर जास्त केबल ज्याला चालत नाही, त्यानं स्वतःचे चौदा इंच कुठल्या तोंडानं गिळायचे? त्यानं नेसूचा मुंडू बदलला, एका हातात पिवळी टेप घेतली, दुसऱ्यात वेलायुधनकडून मागून आणलेली पोलादी, आणि रस्त्यानं वळसा घालून भावाच्या फाटकात जाऊन उभा राहिला.

शिवरामन ओसरीवर पेपर वाचत होता. सत्तरीचा झाला होता तो, अंगावर नुसता पंचा. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि पेपर खाली ठेवला नाही.

"केबलचं असेल तर जाऊ दे परसातून," तो म्हणाला. "जोसकुट्टी येऊन गेला. मी हो म्हटलंय. उगीच इथं यायची गरज नव्हती."

इथून परत फिरता आलं असतं. वाट मिळाली होती, शब्द न बोलता. दिवाकरननं फाटकाला धरलं.

"केबलचं नाही, चेट्टा. माझी टेप खोटी निघाली. भिंत चौदा इंच तुमच्यात आहे. झाड वहिनीचं आहे."

शिवरामननं पेपराची घडी घातली. "चौदा नाही," तो म्हणाला. "बारा."

"काय?"

"बारा इंच. तेव्हा तुझी टेप एवढी म्हातारी नव्हती. भिंत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कामावर गेलास, तेव्हा मी मोजणीदाराला बोलावून साखळी लावून घेतली होती. बरोबर एक फूट. झाड आमच्यात, चार बोटांनी."

दिवाकरन फाटकाला धरून उभा होता तो खाली पायरीवर बसला. "तुम्हाला माहीत होतं? अकरा वर्षं?"

"होतं."

"मग बोललात का नाही! एक शब्द बोलला असतात तर त्याच दिवशी भिंत हलवली असती मी!"

"तेच तर," शिवरामन म्हणाला. "हलवली असतीस. एक फूट म्हणजे एक फूट, दोरी लावून, बरोबर हलवली असतीस, आणि पलीकडं निघून गेला असतास. मला फूट नको होता रे. तू यायला हवा होतास."

दिवाकरन रडला. साठीचा माणूस, मुंडूच्या सोग्यानं नाक पुसत, भर दिवसा रडला. आतून तंकम्मा आली. तिनं आधी दिराकडं पाहिलं, मग त्याच्या हातातल्या दोन टेपांकडं.

"ह्या कशाला आणल्यास? आता घर मोजायचं राहिलंय होय?" ती म्हणाली. "ऊठ, पानावर बस. करिमीन माशाचं कालवण केलंय. पुळी आमच्याच झाडाची आहे, विलासिनीनं कालच दिली."

केबल शिवरामनच्या परसातून गेली. छापील आकड्यांप्रमाणं एकोणऐंशी मीटर भरली, दिवाकरननं सही केली, आणि हिरवा दिवा पुन्हा पेटला, आधी पेटला होता तसाच, तसूभरही जास्त नाही. जोसकुट्टी अजून सांगतो की काही फरक पडला नाही.

गावात मात्र आठवडाभर धुमाकूळ झाला, कारण दिवाकरननं टपरीवर जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकलं. ज्यांच्या वाट्याला जागा कमी आली होती ते पोलादी टेपचं गुणगान करायला लागले. ज्यांना जास्त मिळाली होती ते छातीवर हात ठेवून म्हणाले की खात्याच्या जुन्या टेपची सर कशालाच येणार नाही. पाच्चुपिल्लैच्या टपरीचा ओटाच वीतभर सरकारी रस्त्यात निघाला, तेव्हापासून तो दिवाकरनला चहा फुकट देतो आणि विषय बदलतो.

भिंतीचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. केबल पलीकडं न्यायला दोन इंचांचं भोक पुरलं होतं. एका सकाळी गल्लीतल्या लोकांना धाडधाड आवाज ऐकू आले. येऊन बघतात तो दोघं म्हातारे भाऊ, एक पहारीनं आणि एक हातोड्यानं, झाडापाशी भिंत फोडत होते. धुळीनं दोघेही सारखेच पांढरे. कोंबड्या तर केव्हाच पलीकडं गेल्या होत्या.

वेलायुधन सुतार रस्त्यावरून जाता जाता थांबला. दार बसवायचं काम आपल्यालाच मिळणार हे त्यानं ओळखलं होतं. "दिवाकरा," तो ओरडला, "रुंदी किती धरू?"

दिवाकरननं हातोडा थांबवला, भगदाडाकडं पाहिलं, मग भावाकडं.

"मोजली नाही," तो म्हणाला.